वनराणीची वंशावळ

मुलांच्या हातातील पुस्तकांकडे घरातील वडील मंडळी बहुधा दोनच दृष्टींनी पाहतात. त्यांच्यामुळे अभ्यासाचे नुकसान होते की काय, ही एक दृष्टी. आणि त्यांतून काही बोध निघतो की काय, ही दुसरी. परंतु त्या पुस्तकांतील पात्रांनाही पूर्वज असतात, ती कोठून तरी प्रवास करीत आपल्या घरात आलेली असतात, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. चित्रकथांच्या वाट्याला तर ही उपेक्षा अधिकच आलेली आहे. ज्या पुस्तकाची किंमत काही आण्यांत किंवा थोड्या रुपयांत होते आणि जे वाचून झाल्यावर रद्दीत जाते, त्याचा इतिहास कोणी लिहावा, असे वाटणे साहजिक आहे. तथापि लोकांच्या मनावर जे संस्कार होतात ते ग्रंथालयातील जाड ग्रंथांनीच होतात असे नाही. म्हणून ह्या लेखात चित्रकथांतील एका ठराविक पात्राची वंशावळ शोधण्याचे योजिले आहे. ते पात्र म्हणजे अरण्यात वाढलेली, व्याघ्रचर्म नेसणारी, पशूंवर आणि वन्य जमातींवर सत्ता चालविणारी वनराणी होय. हा शोध आपणांस अखेरीस खानदेशाच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी आणून सोडतो, ही त्यातील विशेष गोष्ट आहे.

ह्या पात्राचा ठळक नमुना म्हणजे शीना. विल आयस्नर आणि जेरी आयगर ह्या दोघा अमेरिकन गृहस्थांच्या चित्रशाळेत तिचा जन्म झाला. प्रथम ती इंग्लंडातील एका साप्ताहिकात आली आणि १९३८ च्या सप्टेंबरात ‘जंबो कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून अमेरिकेतील वाचकांपुढे उभी राहिली. पुढे १९४२ साली तिच्या स्वतःच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. असे भाग्य लाभलेली चित्रकथांतील पहिली नायिका म्हणून तिचा निर्देश केला जातो. तिचे केस सोनेरी, अंगावर चित्त्याचे कातडे, हातात सुरी किंवा भाला. ती एका गोऱ्या संशोधकाची मुलगी. बाप आफ्रिकेच्या अरण्यात मरण पावल्यावर तेथेच लहानाची मोठी झालेली. पशूंची भाषा तिला कळते, जमातींचे तंटे ती सोडविते, आणि तिचा जो गोरा मित्र आहे त्याला संकटातून सोडविण्याचे कामही बहुतेक वेळा तिच्याकडेच येते. ही शेवटची गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे. ज्या कथांत स्त्रीने किंचाळावे आणि पुरुषाने धावून यावे असा परिपाठ होता, तेथे हा क्रम उलटा झालेला पाहून अनेक मुलींना धीर आला असेल. शीनाचा खप पाहून इतर प्रकाशकांनीही आपापल्या वनराण्या उभ्या केल्या आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत त्यांची एक पलटणच तयार झाली.

शीनाच्या मागे पाहू लागले म्हणजे तिची आजी-पणजी सहज ओळखू येतात. रायडर हॅगर्ड ह्यांच्या १८८७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत आफ्रिकेच्या अंतर्भागात काळ्या प्रजेवर राज्य करणारी एक चिरतरुण गोरी राणी आहे. डब्ल्यू. एच. हडसन ह्यांनी १९०४ साली दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात पक्ष्यांप्रमाणे बोलणारी रीमा नावाची मुलगी निर्माण केली. १९१२ साली एडगर राइस बरोज ह्यांचा टार्झन एका अमेरिकन मासिकात अवतरला. वानरांनी वाढविलेला हा पुरुष म्हणजे मूळचा एका इंग्रज उमरावाचा मुलगा. शीना ही उघडउघड टार्झनची धाकटी बहीण आहे. आणि टार्झन कोणाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर रडयार्ड किपलिंग ह्यांनी आपल्या आत्मचरित्रात थोडे हसत दिले आहे. त्यांच्या ‘जंगल बुक’ने अनुकरणकारांची एक मोठी जत्रा जन्मास घातली आणि टार्झनचा कर्ता त्यांत सर्वांत पुढे होता, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. ‘जंगल बुक’ १८९४ सालचे. त्यातील मोगली लांडग्यांत वाढला तो शिवनीच्या टेकड्यांत; म्हणजे सातपुड्याच्या पूर्वेकडील अंगास. ह्या भागाचे पुष्कळसे वर्णन स्टर्नडेल ह्यांच्या शिवनीवरील १८७७ सालच्या पुस्तकात आधीच येऊन गेले होते.

अशा रीतीने न्यूयॉर्कच्या चित्रशाळेत आफ्रिकेचे म्हणून जे अरण्य रंगविले गेले, त्याच्या मुळाशी निदान काही अंशी सातपुडा आहे. तापीच्या काठावर उभे राहून उत्तरेस पाहणाऱ्या रावेर, यावल, चोपडे, शिरपूर येथील माणसाला जी निळी रेघ क्षितिजावर दिसते, तीच ती.

परंतु किपलिंग आणि सातपुडा ह्यांचा संबंध एवढ्यावरच संपत नाही. १८९७ साली त्यांनी एक दीर्घ कथा लिहिली, तिचे नाव मराठीत ‘पूर्वजांची समाधी’ असे करता येईल. ही कथा सातपुड्यातील भिल्लांची आहे. चिन नावाच्या इंग्रज घराण्यातील एका पुरुषाने पूर्वी भिल्लांना ‘माणसाळविले’ होते. त्याची समाधी डोंगरात आहे आणि रात्री तो वाघावर बसून फिरतो अशी भिल्लांची समजूत आहे. त्याचा नातू तरुण अधिकारी म्हणून भिल्लांच्या पलटणीत येतो तेव्हा तो पूर्वजच पुन्हा जन्मास आला असे भिल्ल मानतात. आणि ह्या समजुतीच्या जोरावर तो त्यांच्याकडून देवीची लस टोचून घेववितो.

ही कथा केवळ कल्पनेतून निघालेली नाही, हे खानदेशचा इतिहास थोडाबहुत वाचलेल्यांच्या ध्यानात येईल. १८१८ साली पेशवाई बुडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा तो उजाड झालेला होता. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत भिल्लांच्या कत्तली झालेल्या होत्या. पूर्वीचे हक्क बुडालेले भिल्ल डोंगरांतून खाली उतरून गावे लुटीत होते. आरंभीची काही वर्षे इंग्रजांनीही केवळ लष्करी बळाचा प्रयोग करून पाहिला आणि त्याचा उपयोग होत नाही असे दिसून आल्यावर १८२५ साली धोरण बदलले. भिल्लांचीच एक पलटण उभारावी असे ठरले आणि ते काम जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. पलटणीचे ठाणे धरणगावास होते. औट्रम तेथे दहा वर्षे होता. भिल्लांचा विश्वास त्याने मिळविला तो मुख्यतः वाघाच्या शिकारीतून, असे त्याचे चरित्रकार अभिमानाने सांगतात. थोडक्या हत्यारबंद लोकांना बरोबर घेऊन तो पायी वाघावर जाई. आणि त्यामुळे हा साहेब सामान्य मनुष्य नव्हे अशी त्याची ख्याती झाली. औट्रमच्या धाडसाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र भिल्लांचे हक्क, त्यांच्या जमिनी, त्यांचा पूर्वीचा छळ आणि त्यांना मिळू लागलेला नियमित पगार ही सारी कारणे मागे पडून ‘एक गोरा पुरुष अरण्यात शिरला आणि त्याच्या तेजाने रानटी लोक वश झाले’ एवढेच लोकप्रिय वाङ्मयात शिल्लक राहिले. जो व्यवहार होता त्याची दंतकथा झाली.

ही दंतकथा चित्रकथांच्या फार उपयोगी पडली. १९३६ साली ली फॉक ह्यांनी फँटम नावाचा नायक निर्माण केला. पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यातील पुरुष तोच मुखवटा चढवितो आणि अरण्यातील जमाती त्याला अमर समजतात, ही त्याची मुख्य कल्पना. किपलिंगची चिन घराण्याची कथा ज्याने वाचली आहे, त्याला हे घराणे अनोळखी वाटणार नाही. फँटमचे अरण्य आरंभी आशियातच कोठेतरी होते आणि नंतर ते आफ्रिकेत सरकले. पुढे १९६४ च्या मार्चमध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले आणि फँटम हिंदुस्थानात आला. काही काळाने मराठीतही आला. जळगाव-धुळ्याच्या कित्येक घरांतील मुलांनी रेल्वे-स्टेशनावरील दुकानांतून तो विकत घेतला किंवा मित्राकडून मागून वाचला. त्या मुलांच्या शाळेत डोंगरातून शिकावयास आलेले एखादे भिल्ल मूलही असेल. परंतु पुस्तकातील अरण्य आणि त्या मुलाचे अरण्य हे एकच असावे अशी शंका कोणाला आली नसेल.

पडद्यावरही हाच फेरा झाला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्स ह्या स्त्रीने ‘फिअरलेस नादिया’ ह्या नावाने मुंबईच्या वाडिया बंधूंच्या चित्रपटांत कामे केली. १९३५ च्या ‘हंटरवाली’ने ती घराघरांत पोहोचली आणि १९४२ साली होमी वाडिया ह्यांनी तिला घेऊन ‘जंगल प्रिन्सेस’ हा बोलपट काढला. आमच्या लोकांनी स्वतः काढलेल्या बोलपटातील वनकन्याही सोनेरी केसांची आणि निळ्या डोळ्यांची असावी, ही गोष्ट मननीय आहे. नादियाच्या धाडसाने त्या वेळच्या प्रेक्षकांना जो आनंद दिला तो खरा होता. पारतंत्र्यातील लोकांना अन्यायी सत्ताधीशावर चाबूक उगारणारी नायिका आवडली ह्यात नवल नाही. पण अरण्याची राणी अरण्यातलीच असू शकते ही कल्पना तेथेही कोणास सुचली नाही.

येथे ह्या पात्राचा मुख्य नियम हाती लागतो. वनराणी अरण्यात वाढलेली असावी, परंतु अरण्यात जन्मलेल्यांच्या वंशातील नसावी. अरण्याने तिला बळ, चापल्य आणि निर्भयता द्यावी. कुलीनता मात्र तिने बाहेरून आणावी. ज्यांचे ते अरण्य आहे ते लोक कथेत असतात, पण ढोल वाजविण्यास, भयभीत होण्यास, किंवा शेवटी तिचा जयजयकार करण्यास.

हा दोष केवळ परकीयांचा आहे असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. आपल्या परंपरेकडे त्याच दृष्टीने पाहावे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि कण्वाश्रमातील वनकन्या मराठी घरांची आवडती झाली. पण शकुंतला आश्रमात वाढलेली असली तरी ती मेनका आणि विश्वामित्र ह्यांची कन्या आहे. दुष्यंताच्या मनात अनुराग उत्पन्न होताच पहिला विचार येतो तो हिचे कुळ आपल्याला योग्य असले पाहिजे हा. आणि तसे निश्चित कळल्यावरच त्याचे चित्त स्वस्थ होते. श्रीधरस्वामींच्या १७१८ सालच्या ‘शिवलीलामृता’तील भिल्लिणीची कथा तर श्रावणात घरोघर वाचली जाते. सारीपाटात हरून रुसून वनात गेलेल्या शंकराला परत आणण्यासाठी पार्वती भिल्लिणीचे रूप घेते. ती कथा अत्यंत गोड आहे. आणि जगन्मातेने भिल्लिणीचा वेष हीन मानला नाही, हा तिचा मोठेपणाही आहे. तथापि ती भिल्लीण म्हणजे अखेर वेषांतर केलेली पार्वतीच होय. वेष उतरला की भिल्लीण उरत नाही.

वेषांतर न केलेली, अरण्यात जन्मून अरण्यातच राहिलेली राणी महाभारतात एक आहे, ती हिडिंबा. तिचे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. तिने भीमाला वरले, पांडवांना संकटकाळी साहाय्य केले, आणि मूल झाल्यावर ती मागे राहिली. हस्तिनापूर, इंद्रप्रस्थ, राजसूय, द्यूत, ह्यांपैकी कोठेही तिला राणी म्हणून आसन नाही. तिची आठवण होते ती युद्ध अंगाशी आल्यावर, तिच्या मुलाच्या रूपाने. कर्णाची अमोघ शक्ती अर्जुनाऐवजी घटोत्कचावर पडते आणि पांडव वाचतात. इतिहासातील उदाहरण घ्यावयाचे तर गढा-मंडल्याची राणी दुर्गावती. मोगलांशी लढत १५६४ साली तिने देह ठेवला. गोंडांच्या राज्याचे तिने वीरवृत्तीने रक्षण केले हे निर्विवाद आहे. पण तिची कथा सांगताना ती मूळची चंदेल राजकन्या होती, हे सांगण्यास लेखक सहसा विसरत नाहीत. ज्या गोंड घराण्यात ती आली आणि ज्या गोंड शिपायांनी तिच्यासाठी प्राण दिले, त्यांची नावे मात्र थोड्यांनाच माहीत असतात.

मग सातपुड्याची स्वतःची अशी कोणी राणी आहे की नाही? आहे, आणि तिला पाहावयास न्यूयॉर्कला किंवा मुंबईच्या चित्रशाळेत जावे लागत नाही. नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून जवळच, आता गुजरातेत असलेल्या सागबारा तालुक्यात देवमोगरा नावाचे गाव आहे. तेथे याहामोगी हिचे स्थान आहे. ‘याहा’ म्हणजे आई. महाशिवरात्रीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्र, गुजरात व मध्यप्रदेश ह्या तिन्ही बाजूंचे भिल्ल लोक डोक्यावर नव्या टोपल्यांत धान्य आणि पूजेचे साहित्य घेऊन चालत येतात. तिची कथा गायकांच्या मुखी आहे. राजा पांठा, विनादेव आणि याहामोगी ह्यांच्या त्या गाथेत पुष्कळ प्रसंग येतात आणि प्रत्येक भागात त्यांचे रूप थोडे निराळे असते. परंतु सर्वत्र टिकून असलेला गाभा असा की, भयंकर दुष्काळ पडला असता हिने आपली कोठारे उघडली आणि माणसांना व गुरांना जगविले. म्हणून ती माता आणि म्हणूनच ती राणी.

ह्या दोन राण्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहाव्यात. चित्रकथेतील राणीचे राज्य तिच्या भाल्यावर, तिच्या रूपावर आणि पशूंवरील तिच्या हुकमतीवर चालते. तिची प्रजा काय खाते हा प्रश्न त्या पुस्तकांत उत्पन्नच होत नाही. याहामोगीचे राज्य धान्याच्या कणग्यांवर उभे आहे. ज्या डोंगराळ मुलखात उतारावरची पातळ माती ज्वारी-नागलीचे जेमतेम पीक देते आणि पावसाने ओढ दिली की मोहाच्या फुलांवर दिवस काढावे लागतात, तेथील लोकांनी आपल्या सर्वश्रेष्ठ स्त्रीची कल्पना करताना तिच्या हाती शस्त्राऐवजी कोठाराची किल्ली द्यावी, ह्यात त्या लोकांचा शेकडो वर्षांचा अनुभव बोलत आहे. राज्यसत्तेचा खरा आधार कोणता, हा राजनीतीतील जुना प्रश्न आहे. त्यावर सातपुड्याने दिलेले हे उत्तर आपल्या कोणत्याही ग्रंथापुढे फिके पडणारे नाही.

इतके असून जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षित घरांतील मुलांना शीना किंवा फँटम माहीत असतो आणि याहामोगी माहीत नसते. ह्याचे एक कारण स्पष्ट आहे. आपला इतिहास कागदाचा आहे. धुळ्यास १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने इतिहासाचार्यांचा दफ्तरसंग्रह जिवापाड जपला आणि महाराष्ट्रावर मोठे उपकार केले. परंतु ज्यांनी कधी सनदा लिहिल्या नाहीत आणि महजर केले नाहीत, ते लोक दफ्तरात येतात ते बहुधा आरोपी म्हणून. सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार खाज्या नाईक १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. त्या लढाईत कित्येक भिल्ल पडले, पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घातल्या, आणि त्यांच्या स्त्रियाही मोठ्या संख्येने कैदेत पडल्या. डोंगरांतून पुरुषांबरोबर राहिलेल्या, दाणागोटा आणि मुले सांभाळणाऱ्या त्या स्त्रियांची नोंद सरकारी कागदांत आहे ती आकड्याच्या रूपाने. नावाने ओळखावी अशी त्यांतील एकही आपल्या पाठ्यपुस्तकात आलेली नाही.

अलीकडच्या काळातील उदाहरणही फार दूरचे नाही. १९७२ साली शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली आणि भिल्ल शेतमजुरांनी आपल्या गेलेल्या जमिनी व आपली मजुरी मागितली. त्या चळवळीत स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी शिबिरे भरविली, आणि दारूपायी होणारी मारझोड थांबावी म्हणून गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. व्याघ्रचर्म न नेसता, फाटक्या लुगड्यांनी ह्या स्त्रियांनी जे केले ते धाडसाच्या कोणत्याही व्याख्येत बसणारे आहे. त्याच मुलखातील वाहरू सोनवणे ह्यांचा ‘गोधड’ हा काव्यसंग्रह १९८७ साली निघाला आणि भिल्लाने स्वतः स्वतःविषयी लिहिलेले शब्द मराठी वाचकांच्या हाती आले. ज्या लोकांविषयी शंभर वर्षे इतरांनीच कथा रचल्या, त्यांचा आवाज छापील पानावर उमटण्यास एवढा काळ लागला.

ह्यावर कोणी म्हणेल की, मुलांच्या करमणुकीच्या पुस्तकांवर एवढा विचार करणे म्हणजे चिमणीवर तोफ डागणे होय. मुले ती वाचतात, आनंद घेतात आणि विसरतात. परंतु विसरलेल्या गोष्टी जात नाहीत. त्यांची मते बनतात. डोंगरातून आलेली मुलगी शाळेत पहिल्या बाकावर बसली असता शिक्षकाला जे आश्चर्य वाटते, किंवा वनहक्काचा अर्ज घेऊन कचेरीत आलेल्या बाईला कारकून ज्या स्वराने बोलतो, त्याच्या मुळाशी अशीच कोठेतरी लहानपणी पाहिलेली चित्रे असतात. अरण्यातील माणसाला राजा बाहेरून मिळावा लागतो, ही समजूत २००६ सालच्या वनहक्क कायद्याने नाहीशी होत नाही. तिला दुसऱ्या चांगल्या कथेनेच उत्तर द्यावे लागते.

ती कथा उपलब्ध आहे. तिचे गायक अद्याप आहेत, पण त्यांची संख्या वाढत नाही. नंदुरबार आणि धुळ्याकडील महाविद्यालयांत शिकणाऱ्या भिल्ल, पावरा, मावची मुलामुलींनी आपापल्या गावातील वृद्धांकडून ती उतरवून घ्यावी, ती आपल्या बोलीत आणि मराठीत छापावी, आणि तिला चित्रे काढावीत तीही त्यांनीच काढावीत. प्रकाशकांनी ती नीट कागदावर, मुलांच्या हातात पडेल अशा किमतीत प्रसिद्ध करावी, आणि मराठी घरांनी ती विकत घ्यावी. शीनाच्या पुस्तकांशी वैर धरण्याचे कारण नाही. तीही शेजारी असू द्यावीत. दोन्ही पुस्तके वाचणारे मूल आपण होऊनच विचारील की, ह्या दोघींपैकी त्या अरण्याची खरी मुलगी कोणती.